व्यायामांतील लय



लय हा शब्द आपण बहुधा गायनवादनासाठीं राखून ठेवलेला आहे. वस्तुतः श्रमाच्या प्रत्येक प्रकाराला आपली अशी एक लय असते. जात्यावर बसलेल्या बाईची ओवी जात्याच्या फेऱ्याशीं जुळलेली असे. डहाणू-मसोलीच्या बाजूपासून खालीं रत्नागिरीपर्यंत किनाऱ्यावर होडी ओढणारीं माणसें एकाच्या हाकेवर सर्वांनीं मिळून जोर लावतात. त्याच डहाणू-तलासरीच्या आंतल्या मुलखांत वारली लोक तारप्याभोंवतीं फेर धरून नाचतात, तेव्हां तारपेवाल्यानें सूर बदलला कीं नाचणाऱ्यांचीं पावलें तत्काळ बदलतात. या सर्व ठिकाणीं श्रमाची गति ठरविणारें कांहीं तरी श्रम करणाराच्या बाहेर उभें आहे: ओवी, हाक किंवा तारपा. मग प्रश्न असा येतो कीं, आपल्या व्यायामाची गति कोण ठरवीत असे? आणि ती जलद असली काय किंवा संथ असली काय, शरीराच्या घडणीवर तिचा कांहीं परिणाम होतो काय?

या प्रश्नाकडे आपल्याकडे फारसें लक्ष गेलेलें नाहीं, याचें कारण आपण व्यायाम मोजला तो संख्येनें. ‘जोर किती काढलेस?’ हा प्रश्न महाराष्ट्रांतील प्रत्येक घरांत विचारला गेला असेल. ‘एक जोर काढावयास किती वेळ लागला?’ असें कोणी कोणास विचारल्याचें ऐकिवांत नाहीं. आणि तरीहि संख्येच्या पोटांत गति लपलेली असतेच. अर्ध्या तासांत पांचशें जोर काढावयाचे म्हटलें कीं एका जोराच्या वांट्याला साडेतीन सेकंदांहून थोडा अधिक वेळ येतो. चाळीस मिनिटांत हजार बैठका मारणारास एका बैठकीसाठीं अडीच सेकंदहि मिळत नाहींत. समर्थ रामदास टाकळीस असतांना नित्य बाराशें सूर्यनमस्कार घालीत, असें परंपरा सांगते. ही संख्या अक्षरशः घेतली तर दर नमस्कारास दहा सेकंद धरूनहि तीन तास वीस मिनिटें होतात. वीस सेकंद धरले तर पावणेसात तासांच्या जवळपास जावें लागतें. म्हणजे संख्या एकदां ठरली कीं लय आपल्या हातीं राहत नाहीं.

तालमींतील वस्ताद हें जाणत नव्हते असें समजूं नये. त्यांचें साध्य निराळें होतें. कुस्ती खेळणाराला दम पाहिजे, मांड्यांत न थकणारी ताकद पाहिजे आणि डाव सुचल्याबरोबर अंग वळलें पाहिजे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं बाळंभट दादा देवधरांनीं मल्लखांबाचें पुनरुज्जीवन केलें, तेंहि चपळतेसाठींच. खांबावर सावकाश चढणारा मल्ल ही कल्पनाच हास्यास्पद आहे. जोर-बैठकांच्या मोठाल्या संख्या दम वाढवीत, सांधे खुले ठेवीत, आणि पोरांचा रिकामपणा घालवीत, हाहि लाभ थोडा नव्हे. दंड किती इंचांनीं वाढले हें मापण्याची फीत तालमींत कोणी आणीत नसे. नाल उचलणें, करेला फिरविणें, गदा पेलणें हे प्रकार वजनाचे खरे. पण त्यांतहि करेला फिरविणाराला लय आपोआप सांभाळावी लागते. जोडी डोक्यामागून लंबकाप्रमाणें फिरते. तिला अवेळीं घाई केली तर ती खांद्यास दुखापत करते, अवेळीं थांबविली तर मनगटास. साधनच शिक्षकाचें काम करी.

शरीराचा आकार हें व्यायामाचें उघड साध्य म्हणून आपल्याकडे आलें तें युजेन सँडोच्या मागोमाग. प्रशियांतील केनिग्सबर्ग येथें जन्मलेल्या या मनुष्यानें लंडनमध्यें अपार कीर्ति मिळविली, आणि १९०४-०५ सालीं तो हिंदुस्थानांत येऊन आपले प्रयोग दाखवून गेला. त्याचीं पुस्तकें व डंबेल मात्र त्याच्या आधींच येथें पोहोंचलेलीं होतीं. सँडोच्या पद्धतींतील मर्म असें कीं, वजन हलकें असलें तरी चालेल, परंतु मन ज्या स्नायूवर काम चाललें आहे त्या स्नायूवर खिळलें पाहिजे. त्यानें पुढें स्प्रिंगचे डंबेल काढले, तेहि याच हेतूनें: मूठ सतत आवळलेली राहिली नाहीं तर स्प्रिंग उघडते व चुकारपणा उघडकीस येतो. आतां मन स्नायूवर खिळवून, मूठ आवळून हालचाल करावयाची म्हटलें कीं गति सहजच मंदावते. तालमींतल्या झपाट्याच्या बैठकांहून ही वृत्ति सर्वस्वीं भिन्न होती.

आणि या दोन वृत्तींमधील पूल बांधणारे गृहस्थ महाराष्ट्रांतच निघाले. सातारा जिल्ह्याच्या कुशींतील औंध संस्थानचे अधिपति भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांचा जन्म १८६८ चा. १८९७ च्या सुमारास त्यांनीं सँडोचीं पुस्तकें व साधनें आणविलीं आणि सुमारें दहा वर्षें त्याच्या सांगण्याबरहुकूम नियमानें व्यायाम केला. संस्थानिकांचे छंद बहुधा दहा महिनेहि टिकत नाहींत. हे दहा वर्षें टिकले, यावरून गृहस्थाची चिकाटी कळते. पुढें १९०८ च्या सुमारास मिरजकर संस्थानिकांच्या प्रेरणेनें ते सूर्यनमस्कारांकडे वळले, आणि १९०९ मध्यें गादीवर आल्यावरहि त्यांनीं तो नेम सोडला नाहीं. संस्थानांतील शाळांत नमस्कार सक्तीचे झाले. त्यांचें सूर्यनमस्कारांवरील पुस्तक मराठींत व इंग्रजींत निघालें. १९३६ मध्यें ते विलायतेस गेले असतां लुईज मॉर्गन या पत्रकार बाईंशीं त्यांची गांठ पडली आणि १९३८ सालीं लंडनमधील डेंट या प्रकाशनसंस्थेनें त्यांचें विवेचन बाईंच्या संपादनाखालीं ‘दि टेन-पॉइंट वे टु हेल्थ’ या नांवानें प्रसिद्ध केलें. दहा अवस्थांचा नमस्कार म्हणून हें नांव.

बाळासाहेबांच्या पद्धतीकडे लयीच्या दृष्टीनें पाहिलें म्हणजे एक गोष्ट डोळ्यांत भरते. प्रत्येक नमस्काराच्या आरंभीं ॐकार, मग ह्रां, ह्रीं यांसारखें बीज, मग मित्र, रवि, सूर्य, भानु या क्रमानें सूर्याचें एक नांव, असा उच्चार झाला पाहिजे, असा त्यांचा कटाक्ष असे. या बीजाक्षरांच्या उच्चारानें छाती, कंठ, पोट यांतील इंद्रियांना हादरे बसून आरोग्य लाभतें, अशी त्यांची उपपत्ति. ही उपपत्ति मला मान्य नाहीं. नमस्कारांनीं अमुक रोग जातो आणि तमुक व्यथा हटते, अशीं जीं आश्वासनें त्यांच्या लिखाणांत विखुरलेलीं आहेत, त्यांतील पुष्कळशीं भक्तीच्या भरांत लिहिलेलीं आहेत. पण उपपत्ति चुकीची असूनहि युक्ति अचूक असूं शकते. ज्याला धाप लागली आहे त्याला मंत्र स्पष्ट व दीर्घ म्हणतां येत नाहीं. मंत्र म्हणावयाचा म्हणजे आधीं श्वास ताब्यांत आला पाहिजे. श्वास ताब्यांत येईपर्यंत पुढचा नमस्कार सुरू होत नाहीं. बाळासाहेब स्वतः कीर्तन करीत, चित्रें काढीत. टाळावर उभें राहून आख्यान रंगविणाऱ्या या राजाला ताल म्हणजे काय हें कोणी शिकविण्याची गरज नव्हती. जात्याला जशी ओवी, तसा त्यांनीं नमस्काराला मंत्र दिला, आणि संख्येच्या घोड्याला लगाम घातला.

त्याच सुमारास इतर ठिकाणीं इतर लगाम शोधले जात होते. बडोद्याचे प्रोफेसर माणिकराव आणि १९१४ पासून अमरावतीस चाललेलें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ यांच्या सांघिक कवाइतींत शिक्षकाचा हुकूम सर्वांची गति ठरवी. माणिकरावांचेच शिष्य स्वामी कुवलयानंद यांनीं १९२४ मध्यें लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केलें. त्यांच्या योगासनांत तर गतीचा प्रश्न जवळजवळ मिटतोच, कारण तेथें आसन स्थिर ठेवणें हेंच मुख्य.

आतां आपण क्षणभर त्वचेखालीं उतरून पाहूं. आजच्या व्यायामशाळेंत डंबेल उचलणाऱ्या कोणत्याहि तरुणास विचारा, तो ‘पंप’ या एका शब्दासाठीं वेडा झालेला आढळेल. १९७७ च्या ‘पंपिंग आयर्न’ या चित्रपटांत आर्नोल्ड श्वार्झेनेगरनें या अनुभवाचें जें रसभरित वर्णन केलें, तेव्हांपासून तर हा शब्द जगभर झाला. पंप म्हणजे काय? वजन पुन्हां पुन्हां उचलल्यावर दंड टणक होतो, त्वचा ताणली जाते, शिरा वर येतात, आणि आरशांत आपण घटकाभर दुसरेच कोणी दिसतों. याचें कारण असें: स्नायु आकुंचन पावला कीं त्याच्या आंतील दाब वाढतो व पातळ भिंतींच्या नीला दबल्या जातात. रोहिण्यांतून मात्र रक्त येतच राहतें. येणारें अधिक व जाणारें कमी, असें झाल्यावर रक्तांतील पाणी केशवाहिन्यांतून बाहेर झिरपून स्नायूंच्या तंतूंभोंवतीं सांचतें. शिवाय श्रमामुळें तंतूंत लॅक्टेटसारखे पदार्थ जमतात आणि ते आणखी पाणी आंत ओढून घेतात. स्नायु फुगतो. व्यायाम थांबल्यावर तासाभरांत हा फुगारा बहुतांशीं ओसरतो.

यावरून लयीचा संबंध स्पष्ट होईल. वजन झटक्यानें वर फेंकलें तर मधल्या अंतरांत तें आपल्याच वेगानें जातें आणि स्नायु क्षणभर सुटतो. त्या क्षणीं नीला मोकळ्या होतात. तेंच वजन संथपणें वर नेलें, संथपणें खालीं आणलें आणि मध्यें कोठेंहि सांधा अडकवून विसांवा घेतला नाहीं, तर दाब अखंड राहतो व फुगारा अधिक येतो. एवढें प्रत्येकाला दहा मिनिटांत स्वतः अनुभवतां येईल. परंतु फुगारा म्हणजे वाढ काय? आजच्या तरुणांची अर्धी फसगत येथें आहे. फुगारा हें पाणी आहे. वाढ म्हणजे तंतूंत नवें प्रथिन बसणें. वाढीचें मुख्य कारण ताण, म्हणजे तंतूंनीं प्रत्यक्ष ओढलेलें ओझें. पेशी पाण्यानें फुगल्या असतां प्रथिनांचा ऱ्हास मंदावतो, असें जर्मनींतील डीटर हाउसिंगर यांनीं १९९० नंतरच्या दशकांत मुख्यतः यकृताच्या पेशींवरून दाखविलें. त्यावरून स्नायूंच्या फुगाऱ्यालाहि वाढीचें थोडें श्रेय देण्याची प्रथा पडली. हें अनुमान आहे, सिद्धांत नव्हे.

गतीविषयींचे प्रयोग मात्र पुष्कळ झालेले आहेत, आणि त्यांचा इतिहास मोठा मौजेचा आहे. दुसऱ्या महायुद्धांत जखमी झालेल्या सैनिकांचे पाय पूर्ववत् सशक्त करण्यासाठीं डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांनीं शिकागो येथील लष्करी रुग्णालयांत वजनांचा उपयोग केला आणि १९४५ मध्यें त्यावर निबंध लिहिला. प्रथम ते रुग्णाकडून दहा-दहाच्या सात ते दहा खेपा करवून घेत, म्हणजे सत्तर ते शंभर आवर्तनें. अनुभवानें त्यांनीं १९४८ मध्यें त्या तीनच खेपांवर आणल्या. शंभरांवरून तीसांवर! संख्येच्या मोहावर पश्चिमेनेंहि मात केली ती अशी अनुभवाची ठेच लागूनच.

१९७० नंतर अमेरिकेंत आर्थर जोन्सचीं नॉटिलस यंत्रें पसरलीं आणि त्यांच्याबरोबर दोन सेकंदांत वर, चार सेकंदांत खालीं, हें माप रूढ झालें. वजन खालीं आणतांना दुप्पट वेळ देण्यांत शहाणपण आहे, कारण उतरतांना स्नायु अधिक ओझें पेलूं शकतो आणि आळशी मनुष्य नेमका तेथेंच तें सोडून देतो. यानंतर संथपणाचें पारडें अतिरेकाकडे झुकलें. अस्थि ठिसूळ झालेल्या वृद्ध स्त्रियांना इजा न होतां व्यायाम देतां यावा म्हणून केन हचिन्स यांनीं १९८२ मध्यें दहा सेकंदांत वर व पांच सेकंदांत खालीं अशी पद्धति काढली. दुखणाइतांसाठीं ती उपयुक्त होती. पुढें तिचे अनुयायी तीच एक खरी म्हणूं लागले. जगांत प्रत्येक पथ्याचा असा पंथ होतो.

टोकियो विद्यापीठांतील तानिमोतो व इशिइ यांचा २००६ चा प्रयोग मला या सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्यांनीं तरुणांचे तीन गट केले व बारा आठवडे गुडघा सरळ करण्याचा व्यायाम दिला. एका गटाला आपल्या कमाल शक्तीच्या ८० टक्के वजन, नेहमींच्या गतीनें. दुसऱ्याला केवळ ५० टक्के वजन, परंतु तीन सेकंद वर, तीन सेकंद खालीं, एक सेकंद स्थिर, आणि मध्यें ताण सुटूं द्यावयाचा नाहीं. तिसऱ्याला तेंच ५० टक्के वजन, पण नेहमींच्या गतीनें. पहिल्या दोन्ही गटांची मांडी वाढली व ती जवळजवळ सारखीच. तिसऱ्याची म्हणण्यासारखी वाढली नाहीं. हलक्या वजनाला संथ लयीची जोड मिळाली तर तें जड वजनाच्या तोडीचें काम करतें, हा त्याचा अर्थ. ज्यांच्या घरीं लोखंडाचीं चक्रें नाहींत, ज्यांचे सांधे जड वजन सोसत नाहींत, त्यांच्यासाठीं ही मोठीच वार्ता आहे.

म्हणून ‘जितकें संथ तितकें उत्तम’ असें मात्र म्हणतां येत नाहीं. २०१५ सालीं ब्रॅड शोनफेल्ड, ऑगबोर्न व क्रीगर यांनीं तोंवरचे प्रयोग एकत्र करून पाहिले. प्रत्येक आवर्तनास अर्ध्या सेकंदापासून आठ सेकंदांपर्यंत कितीहि वेळ लागो, स्नायु थकून पुढें उचलवेनासा होईपर्यंत काम केलें असल्यास वाढ साधारण सारखीच होते, असें त्यांना आढळलें. दहा सेकंदांच्या पलीकडे गेल्यास मात्र वाढ उलट कमी होण्याचा संभव दिसतो. कारण इतक्या मंद गतीनें उचलण्याजोगें वजन फारच हलकें निघतें व स्नायूंतील पुष्कळसे तंतु कामाला लागतच नाहींत.

या ज्ञानाच्या उजेडांत आपल्या तालमीकडे परत पाहिलें तर तिच्या संख्यांविषयीं दोन गोष्टी म्हणतां येतात. नवख्या मुलाला पहिले वीस-पंचवीस जोर जड जातात, आणि त्या काळांत त्याचे दंड व छाती खरोखरच भरतात. पण वर्षभरांत तो दोनशें काढूं लागला कीं एक जोर त्याच्या शक्तीच्या मानानें हलका झालेला असतो. मग संख्या वाढते, दम वाढतो, आकार फारसा वाढत नाहीं. त्याच मुलाला वस्तादानें तीन सेकंद खालीं, क्षणभर जमिनीपासून चार बोटांवर थांबून, तीन सेकंद वर, असे जोर काढावयास लावले असते, तर तिसाव्या जोराला त्याचे हात थरथरले असते. वजन न बदलतां ओझें वाढविण्याची ही किल्ली वस्तादांच्या हाताशीं होती; पैलवान घडविण्याच्या कामीं तिची निकड पडली नाहीं एवढेंच. सूर्यनमस्कारांचेंहि तेंच. नमस्कारांनीं पिळदार दंड होतात अशी अपेक्षा ठेवणारे निराश होतील. सर्व सांधे रोज एकदां पूर्ण वळावेत, पाठ व पोट कामाला लागावें, आणि यासाठीं साधन म्हणून स्वच्छ जमिनीपलीकडे कांहीं लागूं नये, हें त्याचें क्षेत्र. आणि बाळासाहेबांनीं सँडोचे डंबेल बाजूला ठेवले ते अशाच व्यायामासाठीं, जो राजवाड्यांत व खेड्यांतल्या शाळेंत सारखाच करतां यावा.

श्वासाविषयीं मात्र एक गोष्ट ज्या घरांत तरुण मुलें वजनें उचलतात त्या घरांतील वडील मंडळींनीं अवश्य लक्षांत घ्यावी. जड वजन संथ गतीनें उचलतांना श्वास कोंडण्याची प्रवृत्ति होते. कॅनडांतील मॅकमास्टर विद्यापीठांत १९८५ सालीं शरीर कमावलेल्या पुरुषांच्या रोहिणींत नळी घालून, दोन्ही पायांनीं जड वजन रेटतांना रक्तदाब मोजला, तेव्हां तो सरासरीनें ३२०/२५० पर्यंत चढलेला आढळला. स्वस्थ बसलेल्या निरोगी मनुष्याचा दाब १२०/८० च्या आसपास असतो, हें आपण जाणतांच. तरुण निरोगी देह हा क्षणिक चढाव सोसतो. पन्नाशीच्या गृहस्थानें मुलाची ईर्ष्या करून श्वास कोंडून वजन उचलूं नये. उचलतांना तोंडानें अंक मोजावे, तेहि मोठ्यानें. मोजणाराला श्वास सोडावाच लागतो, आणि ‘एक’ हा अंक किती लांब उच्चारला त्यावर गतिहि ठरते.

औंध संस्थान १९४८ मध्यें मुंबई प्रांतांत विलीन झालें. बाळासाहेब १९५१ सालीं, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षीं निवर्तले. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत यांनींहि १९७० मध्यें सूर्यनमस्कारांवर पुस्तक लिहिलें. आज रथसप्तमीच्या सुमारास अनेक शाळांच्या मैदानांवर मुलें रांगांनीं नमस्कार घालतात. कोठें ध्वनिवर्धकावरून केवळ अंक पुकारले जातात, आणि मागच्या रांगा पुढच्या रांगांस गांठण्यासाठीं गुडघे न टेकतांच उठतात. कोठें मित्र, रवि, सूर्य हीं नांवें सर्वांकडून म्हणवून घेतलीं जातात. तेथें बारा नमस्कारांना दुप्पट वेळ लागतो, आणि शेवटच्या रांगेंतील लहान मुलगाहि कपाळ जमिनीला लावून मग उठतो.